शेवट आधीच माहीत असलेली प्रेमकथा : 'स्कार्लेट हार्ट' समजून घेताना

आययू आणि ली जून-गीची 'मून लव्हर्स' बघून ढसाढसा रडलेले लोक आपल्याकडे भरपूर आहेत, केड्रामा, म्हणजे कोरियन मालिका बघणाऱ्या कुठल्याही ग्रुपमध्ये विचारा, चारपाच तरी निघतीलच. पण ती २०१६ची कोरियन मालिका ज्या चिनी मालिकेवरून केली ती मूळ 'स्कार्लेट हार्ट' बघितलेले फार कमी भेटतात. आणि ज्यांनी सुरू केली त्यातले बरेच जण दुसऱ्यातिसऱ्या एपिसोडला सोडून देतात, कारण एकदम सातआठ राजपुत्र समोर येतात, सगळ्यांची नावं 'यिन'ने सुरू होतात, सगळ्यांची कपाळापासून अर्धी डोकी भादरलेली आणि मागे लांब वेणी, कोण कुणाचा सख्खा, कोण सावत्र, कोण कुणाच्या बाजूचा, काही म्हणजे काही कळत नाही. मला ही मालिका मनापासून आवडते आणि नेमक्या ह्या गोंधळामुळे ती लोकांच्या हातून सुटते ह्याचं वाईट वाटतं, म्हणून तो सगळा गुंता सोडवून सांगतेय.

आधी साधी माहिती. चिनी नाव 'बू बू जिंग शिन', इंग्रजीत 'स्कार्लेट हार्ट'. हूनान टीव्हीवर सप्टेंबर २०११ मध्ये सुरू झाली, एकूण ३५ भाग. तोंग हुआ नावाच्या लेखिकेने २००५ मध्ये इंटरनेटवर लिहायला घेतलेली कादंबरी हा तिचा आधार. नायिका लिऊ शीशी, चौथा राजपुत्र निकी वू, आठवा केव्हिन चेंग, तेरावा युआन होंग, चौदावा लिन गेंगशिन. (लिऊ शीशी आणि निकी वूने नंतर खरोखरच लग्न केलं, त्यामुळे जुने फॅन्स अजूनही ही मालिका जरा जास्तच जिव्हाळ्याने आठवतात.)

आणि हो, ह्या लेखात शेवट सांगितलेला आहे. पण त्याने बिघडत काही नाही, कारण ह्या मालिकेचा शेवट चिनी प्रेक्षकाला पहिल्या एपिसोडपासून माहीत होता. तेच तर समजून घ्यायचंय.

गोष्ट अशी की जांग शियाओ नावाची आजच्या काळातली, नोकरी करणारी मुलगी अपघातात बेशुद्ध पडते आणि डोळे उघडते ते थेट १७०४ मध्ये, म्हणजे सम्राट कांगशीच्या राज्यात. शरीर तिचं नाही, मा-अर-ताय रुओशी नावाच्या, सीमेवरच्या एका सेनापतीच्या धाकट्या मुलीचं. रुओशीची थोरली बहीण रुओलान ही आठव्या राजपुत्राची दुय्यम बायको, म्हणून ही त्याच्याच वाड्यावर राहतेय. काही काळाने तिला रीतसर राजवाड्यात जावं लागतं आणि तिथे ती सम्राटाला चहा देणारी दासी होते. इथपर्यंत टाइम ट्रॅव्हलची नेहमीची गोष्ट. अशा मालिकांचं तेव्हा चीनमध्ये इतकं पीक आलं होतं की इतिहासाचा खेळ करतात म्हणून सरकारच्या प्रसारण खात्याने २०११ मध्येच त्यांच्याबद्दल नाराजी जाहीर केली होती.

पण बाकीच्या टाइम ट्रॅव्हलवाल्यांत आणि हिच्यात एक मोठा फरक आहे, तो म्हणजे ही मुलगी ज्या घरात येऊन पडते त्या घरात पुढच्या वीस वर्षांत काय काय होणार हे तिला शाळेत शिकल्यामुळे माहीत आहे. जेवायच्या टेबलावर समोर हसत बसलेल्या पोरांपैकी कोण गादीवर बसणार, कोण कैदेत सडणार, कोण कधी मरणार, सगळं. ती पहिल्यांदा ह्या भावांना एकत्र बघते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जी भीती येते ती अनोळखी लोकांची भीती नाही. नावं ओळखीची निघाली म्हणून आलेली भीती आहे.

आता तो इतिहास, कारण तो कळला नाही तर अर्धी मालिका डोक्यावरून जाते.

कांगशी १६६१ मध्ये लहानपणीच गादीवर आला आणि १७२२ पर्यंत राज्य केलं, तब्बल ६१ वर्षं. आपल्याकडे शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकापासून शाहू महाराजांच्या राज्याभिषेकापर्यंतचा सगळा काळ ह्या एका माणसाच्या राज्यात बसतो. त्याला ३५ मुलगे झाले, त्यातल्या २४ जणांना क्रमांक मिळाले. म्हणून 'चौथा', 'आठवा' असं म्हणतात, आणि प्रेक्षकांनीही तसंच म्हणावं, नावांच्या मागे लागू नये. त्याने दुसऱ्या मुलाला, यिनरेंगला, अगदी तान्हा असतानाच युवराज केलं होतं. बाप दीर्घायुषी, युवराज चाळिशीकडे चाललेला, वागणं दिवसेंदिवस बिघडत गेलेलं, आणि बाकीची मुलं मोठी होऊन प्रत्येकाभोवती माणसं जमायला लागलेली. १७०८ मध्ये कांगशीने युवराजाला काढून टाकलं, १७०९ मध्ये परत नेमलं, १७१२ मध्ये पुन्हा काढलं, आणि नंतर मरेपर्यंत कुणाला उघडपणे नेमलंच नाही. गंमत बघा, ज्या १७०८ मध्ये साताऱ्याला शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि ताराबाईंशी गादीचा वाद पेटलेला होता, आणि औरंगजेबाला जाऊन वर्षही झालं नव्हतं तोवर त्याच्या मुलांची आपसातली एक मोठी लढाई होऊन गेलेली होती, त्याच वर्षी बीजिंगमध्येही गादीचाच प्रश्न फुटला.

चीनमध्ये ह्याला नऊ राजपुत्रांची लढाई म्हणतात, पण मालिकेपुरते दोन गट लक्षात ठेवले तरी चालतं. एकीकडे आठवा, त्याच्यासोबत नववा, दहावा, चौदावा. आठवा सगळ्यांशी गोड, मंत्र्यांचा लाडका, आईकडून मात्र हलक्या कुळाचा, आणि ती सल त्याच्या मनात कायम. युवराजाला पहिल्यांदा काढलं तेव्हा दरबाऱ्यांनी पुढचा युवराज म्हणून ह्याचंच नाव सुचवलं आणि कांगशी त्याच्यावरच भडकला, कारण मुलाने बापाच्या डोळ्यादेखत एवढी माणसं जमवावीत हे त्याला खपलं नाही. दुसरीकडे चौथा, आणि त्याच्यासोबत फक्त तेरावा. चौथा अबोल, कुणाच्या अध्यात ना मध्यात, देवधर्म करणारा, मला काही नको असं दाखवणारा. आणि लक्षात ठेवायची खरी गोष्ट म्हणजे चौथा आणि चौदावा सख्खे भाऊ आहेत, एका आईचे, आणि तरी उलट्या बाजूंना. १७२२ च्या डिसेंबरात कांगशी गेला आणि चौथा गादीवर बसला, तोच सम्राट योंगजेंग. मृत्युपत्र बदललं, गादी खरं तर चौदाव्याला द्यायची होती, अशा वावड्या तेव्हापासून आजपर्यंत उठतच आहेत.

मग पुढे काय झालं? आठव्याला आणि नवव्याला राजघराण्यातून काढलं, त्यांची नावं बदलून अपमानाची नावं ठेवली, आणि १७२६ मध्ये दोघंही कैदेत मेले. दहावा कैदेत. चौदावा आधी बापाच्या थडग्याची राखण करायला पाठवलेला, मग नजरकैदेत, चौथा मेल्यानंतरच सुटला. तेरावा मात्र नव्या सम्राटाचा उजवा हात झाला आणि १७३० मध्ये गेला. योंगजेंगने राज्य केलं फक्त १३ वर्षं, १७३५ पर्यंत, पण राज्यकारभार असा केला की अभ्यासक आजही त्याला चीनच्या सगळ्यात कष्टाळू सम्राटांत धरतात, रात्ररात्र जागून अहवालांवर स्वतःच्या हाताने शेरे लिहायचा. वारसाचं नाव उघड न करता एका पेटीत बंद करून दरबारातल्या मोठ्या फलकाच्या मागे ठेवायची पद्धत त्यानेच आणली, भावाभावांत जे झालं ते आपल्या मुलांत होऊ नये म्हणून.

हे सगळं चीनमधल्या पोरासोरांना माहीत असतं. म्हणजे मालिकेत रुओशी आठव्याच्या प्रेमात पडते तेव्हा घराघरांत बसलेला प्रत्येक प्रेक्षक मनात म्हणतोय, अगं नको, हा १७२६ ला मरणार आहे. आपल्याला हे नवीन नाही. माधवराव आणि रमाबाईंची गोष्ट मराठी माणूस किती पिढ्या वाचतोय, बघतोय, थेऊरला काय होणार हे पहिल्या पानापासून माहीत असतं आणि तरी प्रत्येक वेळी वाटतं की ह्यावेळी तरी ताप उतरू दे. 'स्कार्लेट हार्ट'मध्ये फरक एवढाच की गोष्टीच्या आत एक व्यक्ती आहे जिला आपल्याइतकंच माहीत आहे, आणि तिला तिथे रोज जगायचंय, जेवायचंय, चहा द्यायचाय, आणि दुर्दैवाने प्रेमही करायचंय.

माझ्या मते मालिकेची खरी पकड इथे आहे. लोक म्हणतात दोन देखण्या राजपुत्रांपैकी ती कुणाला निवडणार हे बघायला मजा येते, आणि येतेच, चीनमध्ये तर फॅन्सचे सरळ दोन पक्षच पडले होते, एक चौथ्याचा, एक आठव्याचा. पण निवड हा वरवरचा प्रश्न आहे. खालचा प्रश्न असा आहे की पुढचं सगळं माहीत असलेल्या माणसाच्या हातात त्या माहितीचं बळ किती असतं. आणि मालिका ह्याचं उत्तर फार निर्दयपणे देते.

तो एक प्रसंग नीट बघण्यासारखा आहे. सम्राटाच्या शिकारीच्या दौऱ्यावर, उत्तरेच्या गवताळ मैदानात, राजवाड्याच्या भिंतींपासून लांब, रुओशी आणि आठवा एकमेकांच्या जवळ येतात. मालिकेतला हा सगळ्यात मोकळा भाग, आकाश मोठं दिसतं, माणसं हसतात. आणि परतायची वेळ येते तेव्हा ती त्याला विचारते की मी सांगितलं तर गादीचा नाद सोडशील का? तिला माहीत आहे की सोडला तर जगेल. त्याला अर्थातच हे माहीत नाही, त्याला ही फक्त एका मुलीची अट वाटते, आयुष्यभर कमीपणा गिळून जे मिळवायला निघाला ते सोडायची अट. तो गप्प बसतो. केव्हिन चेंगने ते गप्प बसणं इतकं सुंदर केलंय की आपल्याला त्याचा राग येत नाही, दोघांची बाजू एकाच वेळी पटते. ती नातं तोडते. पण तोडताना राहवत नाही, जीव अडकलेला असतो, म्हणून जाताजाता सावध करते, चौथ्यापासून जपून राहा, आणि वर त्याच्या बाजूच्या माणसांची नावंही घेते, लोंगकोदो, न्यान गेंगयाओ, इतिहासाच्या पुस्तकात वाचलेली.

बस, इतकंच. त्या क्षणापर्यंत आठव्याच्या मनात चौथ्याविषयी खास वैर नाही, तो त्याला मोजतच नाही. तिच्या ह्या वाक्यानंतर मोजायला लागतो. त्यातून डाव, डावाला प्रतिडाव, आणि चौथ्यासाठी रचलेल्या सापळ्यात सगळं आपल्या अंगावर घेऊन तेरावा अडकतो, दहा वर्षं कैदेत जातो. मग चौथा सूड उगवतो. १७१४ मध्ये खऱ्या इतिहासातही आठव्याने बापाला भेट पाठवलेले ससाणे मरणपंथाला लागलेले निघाले आणि कांगशीने त्याला सगळ्यांसमोर झिडकारलं, ती घटना मालिकेने ह्या सूडात गुंफली आहे. कित्येक वर्षांनी रुओशीला कळतं की ज्या शेवटापासून ती त्या माणसाला वाचवायला बघत होती त्या शेवटाची सुरुवात तिच्याच तोंडून झाली. प्रेमाने दिलेल्या सावधगिरीतून. ती नसती तर कदाचित हे वैर झालंच नसतं, आणि झालं नसतं तर तिने ते पुस्तकात वाचलंच नसतं. ह्या विचाराने मला पहिल्यांदा बघताना अक्षरशः झोप लागली नव्हती.

बरं, मग चौथा. त्याच्याशी तिचं नातं आठव्यासारखं खुलत नाही, ते सुरू होतं भीतीतून आणि हिशेबातून. हाच सम्राट होणार हे तिला माहीत, म्हणून ह्याची मर्जी सांभाळायला हवी, म्हणून त्याला काय आवडतं काय नाही ह्याची ती तेराव्याकडून चौकशी करते, आणि त्या चौकशीचा अर्थ समोरचा माणूस वेगळाच घेतो. आणि हळूहळू तो अर्थ खरा होत जातो. इथे लिहिणाऱ्यांचं आणि दिग्दर्शनाचं कौतुक करायला हवं, कारण सगळं जवळपास स्पर्शाशिवाय घडतं. राजवाड्यातल्या दासीशी कुणी राजपुत्र चार शब्द जास्त बोलला तरी कुणीतरी बघत असतं, कुणीतरी सांगणार असतं. त्यामुळे प्रेम दाखवायचं कशातून, तर चहाच्या पेल्यातून, एका जेडच्या केसातल्या काट्यातून जो ती परत करते आणि तो पुन्हा पाठवतो, आणि हस्ताक्षरातून. ती त्याचं हस्ताक्षर गिरवत गिरवत इतकं आत्मसात करते की दोघांचं अक्षर ओळखू येईनासं होतं. हे हस्ताक्षर लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आजकालच्या मालिकांत पाचव्या एपिसोडला मिठी आणि दहाव्याला किस असा हिशेब असतो, त्यामानाने ही फार सावकाश वाटेल. पण नियम जितके घट्ट तितका छोट्या गोष्टींना अर्थ येतो. डोळे खाली ठेवायचे असा नियम असलेल्या जागी कुणी अर्धा सेकंद डोळे वर उचलले तर ती मोठी घटना होते. लिऊ शीशी मुळात बॅले शिकलेली आहे, त्यामुळे गुडघे वाकवून मुजरा करणं, तबक घेऊन मागे सरकत जाणं, ह्या हालचाली तिच्या अंगात इतक्या मुरलेल्या वाटतात की तिचं बदलत जाणं आपल्याला आधी तिच्या शरीरात दिसतं. सुरुवातीला ही मुलगी धाडधाड पळते, भर समारंभात मारामारी करते, दहाव्या राजपुत्राच्या तोंडावर हसते. पंधराएक एपिसोडनंतर तीच मुलगी दाराशी उभी असते आणि तिच्या श्वासाचाही आवाज येत नाही. कुणी भाषण करून सांगत नाही की राजवाड्याने तिला बदललं.

आता थोडं त्या डोक्यांविषयी आणि वेण्यांविषयी, कारण तिथे खूप जण अडतात. हे राजघराणं मांचू लोकांचं, चीनच्या ईशान्येकडून आलेलं. १६४४ मध्ये त्यांनी बीजिंग घेतलं आणि १६४५ मध्ये हुकूम काढला की सगळ्या चिनी पुरुषांनी मांचूंसारखं पुढचं डोकं भादरून मागे वेणी ठेवायची, नाहीतर मुंडकं जाईल. म्हणजे ते केस ही फॅशन नव्हती, राज्य कुणाचं आहे त्याची खूण होती. मांचू समाज आठ लष्करी गटांत, म्हणजे आठ निशाणांखाली विभागलेला, आणि निशाणातल्या अधिकाऱ्यांच्या मुलींना वयात आल्या की राजवाड्याच्या निवडीसाठी हजर व्हावंच लागायचं, दर तीन वर्षांनी ही निवड व्हायची आणि ती होईपर्यंत बाहेर लग्न करायची मुभा नाही. रुओशी राजवाड्यात जाते ती हौसेने नाही, असं अडकून. खरं तर अधिकाऱ्यांच्या मुली बहुतेक राण्या नाहीतर राजपुत्रांच्या बायका व्हायच्या आणि कामाच्या दासी वेगळ्या, खालच्या थरातून यायच्या, मालिकेने दोन्ही एकत्र केलंय, पण ती सूट मला चालते, कारण चहाच्या दासीच्या जागी ती असल्यामुळेच आपल्याला सम्राट, राजपुत्र, खोजे, दासी सगळे एकाच खोलीत दिसतात.

आणि तिथे मुलीची किंमत काय होती तेही दिसतं. युवराज एक दिवस सम्राटाकडे रुओशीला मागतो. तिच्यावर प्रेम वगैरे नाही, तिचा बाप सीमेवर फौज घेऊन बसलाय म्हणून. ती घाबरून अंगावर थंड पाणी ओतून घेते, मुद्दाम ताप आणते, म्हणजे निर्णय चार दिवस तरी लांबेल. पुढचं माहीत असलेली, शिकलेली, आजच्या जगातली मुलगी, आणि तिच्या हातात एवढंच आहे, स्वतःला आजारी पाडणं. मग युवराज दुसऱ्यांदा पायउतार होतो आणि ती सुटते. पुढे सम्राट तिला चौदाव्याला द्यायचं ठरवतो तेव्हा ती नाही म्हणते, चक्क सम्राटाला नाही म्हणते, फटके खाते आणि कपडे धुण्याच्या खात्यात टाकली जाते, कित्येक वर्षं, थंडीत हात पाण्यात घालून. तिची तब्येत तिथेच कायमची बिघडते. ह्या मालिकेत नकाराची किंमत असते आणि ती शेवटपर्यंत फेडावी लागते, नाहीतर बऱ्याच ठिकाणी नायिका दोन एपिसोड हाल सोसते आणि तिसऱ्यात नवी साडी नेसून येते.

बाकीच्या बायकाही मला महत्त्वाच्या वाटतात, त्यांच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. रुओलानचं लग्नाआधी एका सैनिकावर प्रेम होतं, आठव्याने लग्न ठरल्यावर चौकशी लावली, ती बातमी तिच्या बापापर्यंत गेली, आणि त्यातून तो माणूस जिवानिशी गेला. ती नवऱ्याशी आयुष्यभर शांतपणे, अदबीने आणि पूर्ण दारं बंद करून वागते. म्हणजे रुओशी ज्या माणसाच्या प्रेमात पडते तो तिच्याच बहिणीचा नवरा आणि बहिणीच्या दुःखाचं कारण. आणि आठव्याची पट्टराणी मिंगहुई, सुरुवातीला सरळ खलनायिका वाटणारी. शेवटी सम्राटाच्या हुकमाने तिला माहेरी हाकलतात (इतिहासातही योंगजेंगने असा हुकूम काढला होता) आणि ती जे करते ते बघून कळतं की त्या माणसावर सगळ्यात निखळ प्रेम बहुधा हिचंच होतं.

तेरावा! त्याच्याबद्दल लिहिलं नाही तर अन्याय होईल. रुओशी आणि तेरावा ह्यांची मैत्री ही माझ्या लेखी ह्या मालिकेतली सगळ्यात सुंदर गोष्ट आहे, रात्रभर दारू पिऊन गप्पा मारणारे दोन मित्र, बाई आणि पुरुष, आणि त्यात प्रेमाचा लवलेश नाही, संशय नाही, कुणी कुणाकडून काही मागत नाही. युआन होंगने तो असा मोकळा, घोड्यावरून आल्यासारखा रंगवलाय की दहा वर्षांच्या कैदेनंतर तो बाहेर येतो तेव्हा त्याचं वाकलेलं शरीर बघवत नाही. चौथा योंगजेंग झाल्यावर बाकीच्या सगळ्या भावांना नावातलं 'यिन' बदलावं लागलं होतं, कारण सम्राटाच्या नावातलं अक्षर दुसऱ्या कुणी वापरायचं नाही, पण तेरावा गेल्यावर त्याने ते अक्षर फक्त ह्या एका भावाला परत दिलं. हे मालिकेतलं नाही, खऱ्या इतिहासातलं आहे. एवढ्या कठोर माणसाने हे केलं, म्हणजे त्या दोघांचं काय असेल बघा.

आणि त्या कठोर माणसाशी रुओशीचं शेवटी जमत नाही, ते का, हे समजून घ्यायला हवं. चौथा गादीवर येतो, तिला त्या धुणीखात्यातून काढून जवळ आणतो, आता सगळं चांगलं व्हायला हवं. पण आता तो सम्राट आहे आणि ज्यांना तो एकेक करून संपवतोय ते तिच्यासाठी कित्येक वर्षांचे मित्र आहेत. तिची लाडकी मैत्रीण दासी यूतान नवव्याची हेर निघते आणि तिला अमानुषपणे मारलं जातं. तिच्यावर जीव टाकणारा माणूस आणि हे करवणारा माणूस एकच आहे, आणि मालिका त्यातला एकही चेहरा खोटा ठरवत नाही. निकी वू हे फार कमी बोलून करतो. त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीचं कारण आहे, आणि प्रत्येक कारण खरं आहे, आणि तरी तिला त्या घरात श्वास घेता येत नाही. शेवटी ती चौदाव्याशी लग्न करून निघून जाते, कांगशीचा जुना हुकूम दाखवून, कारण बापाचा हुकूम सम्राटालाही मोडता येत नाही.

तिथून मरायला टेकल्यावर ती चौथ्याला पत्र लिहिते, एकदा भेटायला ये म्हणून. आता ते हस्ताक्षर. पाकिटावरचं अक्षर हुबेहूब सम्राटाचं, बाहेर कुणी बघितलं तर भलतंच होईल म्हणून चौदावा ते दुसऱ्या पाकिटात घालतो आणि वर स्वतःच्या हाताने लिहितो. दरबारात पाकीट पोचतं, योंगजेंगला वर सख्ख्या भावाचं अक्षर दिसतं, त्याला वाटतं खिजवायला काहीतरी पाठवलंय, आणि तो ते उघडत नाही. ती तिकडे वाट बघत मरते. कुणाचाही हेतू वाईट नाही. ज्या अक्षरात तिने प्रेम साठवलं त्याच अक्षरामुळे पत्र झाकावं लागलं. कोरियन मालिकेतही पत्राचा हा भाग घेतलाय, पण मूळ मालिकेत त्या आधीची तीसेक एपिसोडांची ती शाई, ते गिरवणं पाठीशी आहे, म्हणून ते जास्त खोल जातं.

दोन्हींची तुलना लोक विचारतात म्हणून थोडक्यात सांगते. कोरियन मालिका दहाव्या शतकातल्या गोर्यो राज्यात नेली आहे, तिथला चौथा राजपुत्र पुढे ग्वांगजोंग राजा होतो. ती देखणी आहे, वेगवान आहे, पहिल्यांदा तीच बघितली तरी हरकत नाही. पण तिथला चौथा लहानपणापासून अन्याय सोसलेला, चेहऱ्यावर व्रण असलेला नायक आहे, आपली सहानुभूती सुरुवातीपासून त्याच्या नावावर जमा. चिनी चौथा सहानुभूती मागत नाही. त्याला गादी हवी आहे, आणि ती हवी असण्यात त्याला काही चूक वाटत नाही, आणि प्रेक्षकालाही ठरवता येत नाही की वाटावं की नाही.

ज्यांना बघायची आहे त्यांच्यासाठी एवढंच सांगेन की पहिले तीनचार एपिसोड फक्त चार आकडे लक्षात ठेवा, ४, ८, १३, १४, बाकीचे आपोआप कळत जातात. हिंदी डबिंगच्या मागे लागू नका, इंग्रजी सबटायटल्स लावून मूळ आवाजात बघा. कुणी सोबत असेल तर उत्तमच, माझी मावशी चिनी मालिका म्हटल्यावर "ह्यातलं मला काय कळणार गं" म्हणाली होती आणि ससाण्यांच्या प्रसंगाला तीच मला सांगत होती की हा आठवा आता गेला कामातून, बापाच्या मनातून उतरला की संपलं. आणि २०१४ मध्ये ह्याच जोडीला घेऊन आजच्या काळात घडणारा पुढचा भाग आला होता, तो मी तरी सुचवणार नाही. त्यात कंपन्या आहेत, वारसाहक्काची भांडणं आहेत, तेच चेहरे आहेत, पण पुढे काय होणार हे कुणालाच आधीपासून माहीत नाही, आणि ते माहीत नसलं की ही दोन माणसं चारचौघांसारखीच वाटतात.